दप्तरातली यंत्रं आणि त्यातलं तुमचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर लॅबमध्ये माझं टेबल दाराला लागूनच आहे. त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण आधी माझ्यापाशी थबकतो आणि "मॅडम, एक विचारू का?" म्हणून सुरू होतो. दर वर्षी चेहरे बदलतात, प्रश्न मात्र तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले. माझा एक हेका आहे, तो आधीच सांगून टाकते. यंत्र कुठेही नेता येतं की नाही याला मी फार किंमत देत नाही. तुमचं काम उद्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडता येईल का, एवढंच मी बघते. पुढच्या बऱ्याचशा उत्तरांत हा हेका डोकावेल.

लॅपटॉप घेऊ, टॅब घेऊ, की मोबाईलवर भागेल?

तुम्ही काय बघता यावर ठरवू नका, काय तयार करता यावर ठरवा. लेक्चरचे व्हिडिओ, वाचन, सूचना, शब्दकोश एवढंच असेल तर हातातला मोबाईल पुरतो. दहा-वीस पानांचे अहवाल लिहायचे असतील तर कीबोर्ड हवाच. तो ब्लूटूथने मोबाईललाही जोडता येतो, पण बोटभर पडद्यावर तक्ते लावताना जीव मेटाकुटीला येतो. गणिताची समीकरणं, शरीरशास्त्राच्या आकृत्या, रसायनातल्या रचना हाताने काढायच्या असतील तर पेन चालणारा टॅब लॅपटॉपपेक्षा सरस. प्रोग्रॅमिंग, सांख्यिकी, नकाशे, आराखडे, व्हिडिओ एडिटिंग यांपैकी काहीही असेल तर सरळ लॅपटॉप घ्या.

ठरत नसेल तर एक करा. गेल्या महिन्यात अभ्यासासाठी यंत्रावर काय काय केलंत त्याची यादी काढा. मी हे करायला लावते तेव्हा निम्मी मुलं यादी अर्ध्यावर टाकून हसायला लागतात.

मुलांनी वहीसारखं उचलून न्यावं असं यंत्र ही कल्पना तशी जुनी आहे. ॲलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९७२ साली 'डायनाबुक' नावाने ती कागदावर मांडली होती, तेव्हा बहुतेक कॉम्प्युटर टेबलावरसुद्धा मावत नव्हते.

लॅपटॉप घेताना नेमकं काय बघायचं? दुकानदार प्रोसेसरचंच सांगत बसतो.

प्रोसेसरकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, बघा. ८ जीबीच्या खाली जाऊ नका, जमलं तर १६ घ्या. कारण आजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. डिस्क एसएसडीच हवी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सावकाश चालते, आणि दप्तर बाकावर आपटलं की तिच्या जिवावर बेततं.

मग वजन. इथे सगळे एक चूक करतात, ती म्हणजे चार्जरचं वजन धरत नाहीत. पाठीवरचं ओझं स्वतःच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत असावं असं साधारण सांगितलं जातं. म्हणजे ५० किलोच्या मुलीसाठी पाच ते साडेसात किलो. त्यात पुस्तकं, पाण्याची बाटली आणि डबाही आला. अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप आणि विटेएवढा त्याचा चार्जर रोज नेणार का, हे खांद्याला विचारा. टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर एकाच चार्जरमध्ये फोनचंही भागतं.

दुकानात पाच मिनिटं कीबोर्डवर खरोखर टाइप करून बघा. चार वर्षं त्यावरच हात चालवायचा आहे.

वापरलेला लॅपटॉप घ्यावा का?

घ्या, बिनधास्त घ्या. फक्त तीन गोष्टी तपासा. पहिली, बॅटरी. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता किती होती आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर किती भरते, हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. दुसरा निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च मनात धरूनच किंमत बोला. दुसरी, आधीच्या मालकाचं खातं पूर्ण काढलेलं आहे ना. नाहीतर घरी नेऊन पासवर्डच्या खिडकीकडे बघत बसाल. तिसरी गोष्ट कोणी बघत नाही, ती म्हणजे अपडेट किती दिवस मिळणार. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या अनेक यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. क्रोमबुकलाही (गूगलच्या क्रोम प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) अपडेट थांबण्याची तारीख ठरलेली असते, ती सेटिंगमध्ये सापडते. अशा जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली तर लिहिण्या-वाचण्यापुरतं ते आणखी काही वर्षं चांगलं चालतं. लॅबच्या मागच्या रांगेतली सहा यंत्रं अशीच चालली आहेत.

रात्रभर चार्जिंगला लावून ठेवलं तर बॅटरी खराब होते का?

चार्जिंग भरलं की यंत्र स्वतःच थांबतं, त्यामुळे जास्त भरून स्फोट वगैरे होत नाही. पण लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत : उष्णता, आणि सतत काठोकाठ भरलेलं राहणं. दोन्ही एकत्र आल्या की ती लवकर म्हातारी होते. दिवसभर चार्जर लावून वापरत असाल तर ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते, ती सुरू करा. उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नका. 'महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा' हा सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातला आहे, सोडून द्या.

एक मात्र गांभीर्याने घ्या. एका मुलाने लॅपटॉप आणला, म्हणाला ट्रॅकपॅड दाबलाच जात नाही. टेबलावर ठेवला तर होडीसारखा डुगडुगत होता. उलटा करून बघितलं तर खालचं झाकण मधोमध फुगलेलं, एका कडेचा स्क्रू ताणून तिरका झालेला. आत बॅटरी फुगली होती. असं दिसलं तर चार्जर काढा, यंत्र बंद करा, दाबून सपाट करायला जाऊ नका आणि तडक दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावणारा एक महाभाग मला माहीत आहे. वाचला, पण टेबल जळालं.

२०,००० एमएएचची पॉवर बँक ५,०००चा फोन चार वेळा का चार्ज करत नाही? फसवलं का?

फसवलं नाही, पण आकडा तुम्हाला भुलवील असाच छापलेला असतो. ते २०,००० आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. ऊर्जा काढायची तर गुणाकार करा : ७४ वॉट-तास. बाहेर देताना व्होल्टेज चढवावं लागतं, त्यात काही ऊर्जा उष्णतेत जाते, फोन ती भरून घेताना आणखी थोडी जाते. हिशेब अडीच-तीन वेळांवर येतो. म्हणून विकत घेताना वॉट-तासाचा आकडा बघा, तो बारीक अक्षरात पाठीमागे असतो. विमानातही तोच विचारतात. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक साधारणपणे चालते, पण हातातल्या बॅगेत. सामानात टाकायची नाही.

टाइप-सीच्या सगळ्या केबल सारख्याच ना?

दिसायला सारख्या, गुणाने मुळीच नाहीत. तोंडावर २४ पिनांची जागा असते, पण आत किती तारा घातल्या आहेत हे बाहेरून कळत नाही. फोनबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबलमधून डेटा जुन्या यूएसबी २ च्याच वेगाने जातो, म्हणजे जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. २० जीबीचे व्हिडिओ एसएसडीवर घ्यायला तिला नऊ-दहा मिनिटं लागतात. १० गिगाबिटची चांगली केबल तेच काम अर्ध्या मिनिटात करते. वीजही तशीच. साधी केबल ६० वॉटपर्यंत वाहते, त्यापुढे केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. यूएसबीच्या २०२१ च्या नियमावलीपासून ही मर्यादा २४० वॉटपर्यंत गेली आहे, पण त्या केबलवर तसं लिहिलेलं असलं तरच. चांगली केबल मिळाली की तिच्यावर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. लॅबमधल्या माझ्या केबलींवर लाल पट्टी आहे आणि त्या मी कोणालाही देत नाही.

पेन ड्राइव्हवर सगळं ठेवलं तर चालेल का?

काम इकडून तिकडे न्यायला चालेल. ठेवायला नाही.

प्रबंध जमा करायच्या आदल्या संध्याकाळी एक मुलगी आली. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावलेला असतानाच लॅपटॉप पिशवीत कोंबला होता, तो काढताना ड्राइव्ह काटकोनात वाकला. तिने तळहातावर माझ्यासमोर धरला. धातूचं तोंड लोंबकळत होतं आणि आतल्या हिरव्या पट्टीचे दोन टाके उखडलेले. "यातच आहे सगळं," एवढंच म्हणाली. लॅबमधल्या आमच्या मुलाने भिंग लावून, चार बारीक तारा डागून तो कसाबसा वीस मिनिटं जिवंत केला. तेवढ्यात फाईल उतरवून घेतली. त्यानंतर तो पुन्हा गेला तो कायमचाच. असा योग दर वेळी येत नाही. त्याच वर्षी आणखी दोघांचे ड्राइव्ह आले, त्यातलं काहीच हाती लागलं नाही.

या निमित्ताने दोन नेहमीचे उपप्रश्न. ६४ जीबीचा ड्राइव्ह ५९ का दाखवतो? बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. काही चोरीला गेलेलं नाही. आणि जागा असूनही मोठा व्हिडिओ 'फाईल फार मोठी आहे' म्हणून का नाकारला जातो? ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जातं, ते आधी दुसरीकडे काढून ठेवा, असं मी सांगते आणि तरीही आठवड्याला एक जण रडवेला होऊन येतो.

माझं सगळं क्लाउडवर आहे. मग बॅकअप कशाला?

क्लाउडवरचं फोल्डर तुमच्या यंत्राशी जुळवून ठेवलेलं असतं, त्याला सिंक म्हणतात. इथे फाईल पुसलीत की तिथेही पुसली जाते. इथे चुकून पूर्ण प्रकरण निवडून एक कळ दाबलीत आणि सेव्ह झालं, की तिथेही तेच. आरशासमोर डोकं आपटलं तर आरशातलं डोकंही आपटणारच. जुन्या आवृत्त्या परत मिळण्याची सोय बहुतेक सेवांत असते, पण ठरावीक दिवसांपुरतीच.

साधा नियम आहे, त्याला ३-२-१ म्हणतात : महत्त्वाच्या फाईलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. विद्यार्थ्याच्या बाबतीत याचा अर्थ लॅपटॉप, एक बाहेरची डिस्क आणि क्लाउड. डिस्क आठवड्यातून एकदा जोडायची आणि काम झालं की काढून ठेवायची. जोडलेलीच राहिली तर व्हायरस तिलाही गिळतो.

आणि फाईलींची नावं! 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल', 'सरांनी सांगितलेलं फायनल'. तारीख आधी लिहा, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. मग यादी आपोआप क्रमाने लागते आणि शेवटची कोणती हे विचारावं लागत नाही.

माझा लॅपटॉप नाही, लॅबमधलंच यंत्र वापरते. दर वेळी सगळं नव्याने लावावं लागतं. काही उपाय?

हा प्रश्न मला आवडतो, कारण उत्तर फार थोड्यांना माहीत असतं. अनेक मोफत प्रोग्रॅमच्या 'पोर्टेबल' आवृत्त्या मिळतात. त्या इन्स्टॉल कराव्या लागत नाहीत, पेन ड्राइव्हवरूनच चालतात. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, नोटपॅड प्लस प्लस, व्हीएलसी, सगळ्यांच्या आहेत. तुमचे बुकमार्क, सेटिंग, शब्दकोशात टाकलेले शब्द ड्राइव्हवरच राहतात. कोणत्याही विंडोज यंत्राला लावलं की तुमचं टेबल मांडून तयार. थोडं सावकाश चालतं, आणि काही लॅबमध्ये बाहेरचे प्रोग्रॅम चालवायला बंदी असते, तेव्हा आधी विचारा. प्रत मात्र दुसरीकडे ठेवा, वरची वाकलेल्या ड्राइव्हची गोष्ट आत्ताच वाचलीत.

सामायिक यंत्रावर बसताना ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा आणि उठताना लॉग आउट करा. खिडकी नुसती बंद करणं म्हणजे लॉग आउट नव्हे. लॅब बंद करताना रोज दोन-तीन उघडी खाती सापडतात. एखाद्या दिवशी त्यात प्राध्यापकांचंही असतं. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा. बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात, म्हणून किल्ल्यांचा जुडगा तोच.

घरी टाइप केलेलं मराठी इथे उघडलं की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. असं का?

तुम्ही जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलं आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेलं असतं रोमन अक्षर. फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तिथे मुखवटा गळून पडतो. अशा मजकुरात शोध लागत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, मोबाईलवर वाचता येत नाही आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला तर तो निव्वळ बडबडगीत वाटतो.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखलेला आहे, त्यात आपला 'ळ' आहे, 'ॲ' आहे. फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. म्हणून नव्याने काहीही लिहायचं ते युनिकोडमध्येच. टाइप करायला दोन वाटा आहेत. एक, उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये टाइप करून देवनागरी मिळवायची. ही लगेच जमते, पण 'ण-न', 'ष-श' यांत रोज ठेच लागते. दुसरी, इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची कळांची मांडणी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पहिले पंधरा दिवस वैतागाल, नंतर बोटं आपोआप पळतात. मी चाळिशीत शिकले, तेव्हा तुम्हाला सबब नाही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्या' नजरेखालून घाला, गडबड तिथेच होते. माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या वर्षांच्या टिपणांचं एक फोल्डर अजून तसंच आहे. त्यातला एक फॉन्ट आता कुठेच सापडत नाही आणि त्या फाईली मला वाचता येत नाहीत. माझ्या हेक्याचं मूळ शोधायचं असेल तर ते त्या फोल्डरमध्ये आहे.

काम जमा करताना वर्ड की पीडीएफ?

दाखवायला पीडीएफ, पुढे बदलायला मूळ फाईल. दोन्ही ठेवा.

नोट्स हाताने काढाव्यात की टाइप कराव्यात?

पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांचा २०१४ चा अभ्यास हाताच्या बाजूने सारखा पुढे केला जातो. लॅपटॉपवाल्यांनी व्याख्यान जवळजवळ शब्दशः उतरवलं आणि समजुतीच्या प्रश्नांत ते मागे पडले, असं त्यात दिसलं. पण २०१९ आणि २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केल्यावर गुणांतला फरक ठामपणे दिसला नाही. लॅपटॉपवर जास्त शब्द उतरतात, हे मात्र पुन्हाही दिसलं.

माझं मत विचाराल तर साधन कोणतंही घ्या, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवू नका. आकृत्या आणि समीकरणं असतील तर हात. फार वेगाने बोलणारे शिक्षक आणि नंतर शोधावा लागेल असा मजकूर असेल तर कीबोर्ड. हाताच्या वहीचे फोटो काढता ना, ते फोटो गॅलरीत इतर चारशे फोटोंमध्ये हरवतात. स्कॅनिंगच्या ॲपने विषयवार पीडीएफ करा, अक्षर ओळखण्याची सोय असेल तर छापील मजकुरात शोधही लागतो.

लक्षात राहायला एखादं ॲप आहे का?

आहे, पण ॲप लक्षात ठेवत नाही, तुम्हालाच आठवायला लावतं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की नवं शिकलेलं पहिल्या काही तासांत भराभर निसटतं, मग निसटण्याचा वेग मंदावतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४०. आन्कीसारखी ॲप हेच करतात : प्रश्न विचारतात, चुकलात तर लवकर विचारतात, जमलं तर उशिरा.

कार्डं स्वतः बनवा. दुसऱ्याची पाच हजार तयार कार्डं उतरवून घेणारी मुलं तिसऱ्या दिवशी ॲप उघडणं सोडतात. रोज दहा नवी कार्डं पुष्कळ झाली. आणि एका कार्डावर एकच गोष्ट.

ई-रीडर घेऊ का?

कथा-कादंबऱ्या, सलग गद्य वाचणार असाल तर डोळ्याला सुख आहे. ई-इंकचा पडदा कागदासारखा बाहेरचा प्रकाश परतवतो आणि पान बदलतानाच वीज खातो, म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं. पण पाठ्यपुस्तकांच्या मोठ्या पीडीएफ सहा इंची पडद्यावर वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून चित्रपट बघणं. त्यासाठी मोठा टॅबच बरा. ईपब प्रकारात पुस्तक मिळत असेल तर तेच घ्या, त्यातली अक्षरं पडद्याप्रमाणे लहानमोठी होऊन ओळी नव्याने बसतात.

इंटरनेट नीट मिळत नाही. मग?

मग जिथे मिळतं तिथे एकदाच भरपूर उतरवून घ्या. किविक्स या मोफत प्रोग्रॅमवर अख्खा विकिपीडिया ऑफलाइन वाचता येतो. इंग्रजीचा चित्रांसकट सुमारे १०० जीबी होतो, मराठीचा साध्या फोनवरही मावतो. फेट हा प्रकल्प २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वाइमन यांनी सुरू केला. त्याची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन उतरवून ठेवता येतात आणि बरीच मराठीतही आहेत. विद्युतमंडल जोडण्याचं त्यातलं सिम्युलेशन उघडा, बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडून ती पेटवून बघा. खऱ्या प्रयोगशाळेत कोणी असं करू देणार नाही. भूमितीसाठी जिओजेब्राही नेटशिवाय चालतं. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की मध्यगा जागच्या जागी सरकत राहतात आणि छेदनबिंदू काही सुटत नाही. फळ्यावर हे दाखवायला मला सात आकृत्या काढाव्या लागायच्या.

डेटाचा हिशेब मनात करता येतो. सेकंदाला १ मेगाबिटचा व्हिडिओ तासाला ४५० एमबी खातो. व्हिडिओची प्रत कमी करा, आवाज तसाच ठेवा. व्याख्यानात चेहऱ्यापेक्षा आवाज कामाचा.

एआयकडून असाइनमेंट लिहून घेतलं तर काय बिघडतं?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि पुढच्याच सत्रात माझ्याकडे एकसारख्या वळणाचे अहवाल यायला लागले. नियम तुमच्या संस्थेचे तुम्हाला माहीत असतील, मी त्यात पडत नाही. एक धोका मात्र सांगते. ही साधनं संभाव्य पुढचा शब्द जुळवत वाक्य रचतात, त्यामुळे अस्तित्वातच नसलेले संदर्भ अगदी ऐटीत देतात : लेखक, वर्ष, पानं सगळं. एका मुलाच्या संदर्भसूचीतले अकरापैकी सात लेख कुठेच नव्हते. तोंडी परीक्षेत त्याला त्यातल्या एकाबद्दल विचारलं, पुढचं वर्णन करत नाही.

वापरायचंच तर उलट बाजूने वापरा. तुम्ही लिहा, त्याला शंका काढायला सांगा. 'या धड्यावर मला पाच अवघड प्रश्न विचार, उत्तर लगेच सांगू नकोस' हे वाक्य चांगलं काम करतं. संदर्भांच्या नोंदी ठेवायला झोटेरो हा प्रोग्रॅम घ्या, मोफत आहे, आणि खरा लेख आधी शोधून त्यावरूनच त्यात नोंद करा.

डोळे दुखतात. निळ्या प्रकाशाचा चष्मा घेऊ?

नको. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या परीक्षणात अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं आढळलं नाही. पडद्याकडे बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, दुखणं बहुधा तिथून येतं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहा मीटर लांब बघा. मुद्दाम पापण्या मिटा. अक्षर मोठं करा, त्यात कमीपणा नाही. तरीही दुखलं तर नेत्रतज्ज्ञाकडे.

मला नीट दिसत नाही. लॅपटॉप वापरता येईल का?

येईल, आणि महागडं काही घ्यावं लागत नाही. विंडोजसाठी एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मोफत आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने, जो स्वतः अंध आहे, २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइड) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोन) हा असाच प्रोग्रॅम आधीपासूनच असतो. मराठीही वाचतो, अर्थात मजकूर युनिकोडमध्ये असेल तर. शिक्षकांना एक विनंती : छापील पानाचा तिरका फोटो 'नोट्स' म्हणून पाठवू नका, त्यातलं अक्षरही वाचलं जात नाही.

मुलाला टॅब घेऊन दिला तर तो अभ्यासात पुढे जाईल का? (हा पालकांचा)

नुसता दिल्याने नाही. पेरूमध्ये मुलांना स्वस्त लॅपटॉप वाटण्याची मोठी मोहीम झाली होती. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वापर वाढला, पण गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. यंत्रं आली, त्यांनी काय शिकवायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. टॅब देणार असाल तर पहिला महिना रोज अर्धा तास शेजारी बसा. तो वेळ नसेल तर टॅब थोडा उशिरा द्या.

लॅपटॉपवर पाणी सांडलं! आता?

बंद करा. सेव्ह करत बसू नका, बटण दाबून धरा. चार्जर आणि जोडलेलं सगळं काढा. उघडून तंबूसारखा उलटा ठेवा, कीबोर्ड खाली. केस वाळवायचं यंत्र नको, तांदळाचा डबाही नको, तांदळाची भुकटी आत जाते तेवढीच. सुरू होतोय का बघायचा मोह दोन दिवस आवरा आणि तोवर दुरुस्तीवाल्याकडे न्या. साखरेचं पेय असेल तर वाट न बघता लगेच न्या, ते वाळलं की आत चिकटतं.

असा ओला लॅपटॉप घेऊन कोणी दारात आलं की मी आधी टॉवेल देते आणि मग विचारते, शेवटचा बॅकअप कधी घेतला होतास? परवा एकाने "काल रात्री" असं सांगितलं. त्याला मी चहा पाजला.